वाचक नसलेलं लेखन

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास इंदूरच्या रामबागेतल्या एका माडीवर आम्ही पटकथा लिहिणारे जमतो. पोहे-जिलबी प्रत्येकाची घरी नाहीतर वाटेत झालेली असते, त्यामुळे खाण्यात वेळ जात नाही. नवीन आलेलं कुणी थोडा वेळ कोपऱ्यात बसतं आणि मग विचारतं, "ताई, माझ्याकडे एक स्टोरी आहे. कुणाला द्यायची?" मी विचारते, "लिहिली आहेस का?" उत्तर ठरलेलं असतं: "डोक्यात एकदम रेडी आहे."

हे बोलणं इतक्या वेळा झालं की आमच्यातल्या दोघांनी त्या बैठकींची टिपणं ठेवायला सुरुवात केली. त्या टिपणांचंच हे पुस्तक झालं आहे. प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या माडीवर सगळ्यांत जास्त एपिसोड लिहिलेली मी, आणि सगळ्यांत जास्त पैसे बुडालेलीही मीच. मुंबईत मालिका लिहिण्यात माझी बावीस वर्षं गेली. आता परत इंदूरला आहे.

पटकथा म्हणजे काय, हे नवीन माणसाला सांगताना मी लग्नघरातली यादी आठवायला सांगते. मुहूर्त कधीचा, पानं किती, कुणाला कुठली साडी, मुंडावळ्या कुणी आणायच्या, वरातीच्या वेळी आजोबांपाशी कोण थांबणार, हे सगळं एका कागदावर असतं. आत्या, मामा, आचारी, मांडववाला सगळे त्या कागदावर चालतात. लग्न पार पडलं की फोटो जपले जातात. यादी रद्दीत जाते. पटकथेचंही तसंच आहे. कवितेला चार तरी वाचक असतात. पटकथा वाचणारे म्हणजे निर्माता, दिग्दर्शक, नट, कॅमेरामन, आणि तेही आपापल्या कामापुरती वाचतात. नट आपली वाक्यं रंगवून ठेवतो, कलाविभाग सामान टिपून घेतो, प्रॉडक्शनचा माणूस लोकेशनं मोजतो आणि "दोन कमी करा ना" म्हणतो. ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं त्या प्रेक्षकाच्या हातात तो कागद कधीच पडत नाही.

याचं सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत क्रूर उदाहरण मराठीतच आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल आणि तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस ही नावं आपल्या घरांत अजून घेतली जातात. पटकथा शिवराम वाशीकरांची होती, हे विचारल्यावर किती जण सांगतील? त्याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी एक अभंग लिहिला. तो इतका अस्सल उतरला की लोक तुकोबांचाच समजून म्हणू लागले. लेखकाला याहून मोठी दाद कुठली? आणि याहून पुरतं नाहीसं तरी कसं व्हायचं?

म्हणून मी मुलांना सांगते की या धंद्यात दोन गोष्टी आपल्या आपण सांभाळायच्या: कान आणि करार. कान इंदूर देतं. करार कुणीच शिकवत नाही.

आधी कानाचं. हे गाव होळकरांचं. राज्यकर्ते मराठी, बाजार हिंदी, खेड्यातून येणारा माणूस माळवी बोलणारा, आणि कचेऱ्यांतून-मुशायऱ्यांतून उर्दू. घरात मराठी बोलायचं आणि उंबरठा ओलांडला की हिंदी, हा आम्हां इंदूरकरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव. आमची मराठी पुण्याच्या पाहुण्यांना जरा विनोदी वाटते. वाटू द्या. एकाच दिवसात तीन बोलींत भांडणाऱ्या, मागणाऱ्या आणि माफी मागणाऱ्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळते: माणूस काय बोलतो याइतकंच तो ते कुठल्या भाषेत बोलतो यालाही महत्त्व असतं. संवादलेखनातलं अर्धं शिक्षण इथेच होऊन जातं.

याचे पुरावे माळव्यात ठिकठिकाणी सापडतात. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले मोठे कवी, त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले. एकाच घरातून दोन भाषांची दोन साहित्यं निघाली. राहुल बारपुते घरी मराठी. त्यांनी 'नई दुनिया'चं संपादन करून हिंदी पत्रकारितेला वळण लावलं. बाबा डिके यांनी 'नाट्यभारती'तून इथल्या मराठी रंगभूमीची एक पिढी घडवली. आजही 'सानंद' या संस्थेच्या नाटकांना पाच गटांचे प्रेक्षक बसतात, आणि मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी एकाच नाटकाचे पाच प्रयोग करून परत जातात. मी पडद्यासाठी लिहायला शिकले ती आधी त्या अंधारात बसून. कुठल्या वाक्याला सभागृह हसतं आणि कुठल्या वाक्याच्या आधीच हसतं, हे तिथे कळलं.

पण इंदूर आणि पटकथा हे शब्द शेजारी आले की पहिलं नाव सलीम खान यांचंच निघतं. जन्म १९३५, इंदूरचा. वडील पोलीस खात्यातले मोठे अधिकारी. होळकर कॉलेजात शिक्षण, क्रिकेटचं वेड, देखणा चेहरा. मुंबईला गेले ते नट व्हायला. काही वर्षं छोट्या-मोठ्या भूमिका केल्या. 'तीसरी मंझिल' (१९६६) पुन्हा पाहाल तेव्हा ड्रम वाजवणारा तरुण नीट पाहा. नट म्हणून जमेना, तेव्हा अबरार अल्वींच्या हाताखाली लेखनाकडे वळले. 'सरहदी लुटेरा'च्या सेटवर जावेद अख्तर भेटले, तेही ग्वाल्हेर-भोपाळकडचेच. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: 'सीता और गीता', 'जंजीर', 'दीवार', 'शोले', 'डॉन', 'त्रिशूल'. दहा-बारा वर्षांत दोन डझनाच्या आसपास चित्रपट. 'शोले'तलं गब्बर हे नाव चंबळच्या एका खऱ्या डाकूचं, आणि वडिलांच्या पोलिसी नोकरीत ऐकलेल्या हकिगती सलीमसाहेबांच्या कानात होत्या. सूरमा भोपालीची बोली तर आमच्याकडच्या कुठल्याही नाक्यावर ऐकायला मिळते. भारतभर गाजलेला हा चित्रपट माझ्या कानाला मात्र अगदी मध्य प्रदेशी ऐकू येतो.

दुसरं नाव दुर्दैवाने कमी घेतलं जातं. शरद जोशी. जन्म उज्जैनचा, शिक्षण याच होळकर कॉलेजात, सुरुवातीचं लेखन 'नई दुनिया'त. व्यंगलेखक म्हणून हिंदीत त्यांचं स्थान पक्कं आहे. पटकथेच्या बाजूने पाहिलं तर 'छोटी सी बात' आणि 'उत्सव' या चित्रपटांचे संवाद त्यांचे, आणि १९८४ सालची 'ये जो है ज़िंदगी' ही मालिकाही त्यांचीच. दर आठवड्याला एक घर, एक नवरा, एक बायको, एक मेहुणा, आणि काहीही मोठं घडायचं नाही. मालिका लिहिणाऱ्यांना मी ती आवर्जून पाहायला लावते, कारण मोठं काही घडवणं सोपं असतं. जोशी १९९१ मध्ये गेले. त्यानंतर अठरा वर्षांनी त्यांच्या लेखनावरून 'लापतागंज' ही मालिका निघाली आणि चालली.

अलीकडचं म्हणाल तर स्वानंद किरकिरे. घर गाण्याचं, आई-वडील कुमार गंधर्वांचे शिष्य. शिक्षण राष्ट्रीय नाट्य विद्यालयात. गीतकार म्हणून दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तेही हिंदीत. घरात मराठी बोलणारा मुलगा हिंदीत असा रुळतो ते उगाच नाही.

आता थोडं मागे जाऊन हा धंदा कसकसा बदलला ते सांगते, म्हणजे पुस्तकातली नावं अंगावर येणार नाहीत.

बोलपट आले तेव्हा लेखक कंपनीचा पगारदार असे. हिंदी-उर्दूकडे पारशी रंगभूमीवरून आलेले मुन्शी संवाद लिहीत. भारदस्त, टाळ्या घेणारे. मराठीकडे साहित्यिकच थेट स्टुडिओत गेले. खांडेकरांनी 'छाया' लिहिला, अत्र्यांनी 'ब्रह्मचारी', ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून 'कुंकू' आला. अत्र्यांच्या 'श्यामची आई'ने तर देशातलं पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक घेतलं. मग गदिमा. गीतकार म्हणून त्यांना आपण इतके ओळखतो की पटकथाकार गदिमा झाकले गेले. 'दो आँखें बारह हाथ'ची (१९५७) कथा-पटकथा त्यांची. औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेली ती गोष्ट बर्लिनपर्यंत गेली. त्यांचे बंधू व्यंकटेश माडगूळकर, पुढे 'पिंजरा'वाले शंकर पाटील, यांनी गावाकडची बोली पडद्यावर आणली. या घराण्याचं एक वैशिष्ट्य होतं. माणसं आधी लेखक होती आणि मग पटकथाकार. त्यामुळे भाषा घट्ट होती. त्यामुळेच पटकथा हे वेगळं कसब आहे हे कबूल करायला आपल्याकडे उशीर झाला.

हिंदीत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, ही विभागणी लवकर पक्की झाली. 'मुग़ल-ए-आज़म'चे संवाद चार जणांचे. या पद्धतीत चांगलं काम झालं, पण सेटवरच सकाळी सीन लिहून देण्याची वाईट खोडही लागली. सलीम-जावेद यांनी ती मोडली. शूटिंगच्या आधी पूर्ण बांधलेली स्क्रिप्ट, कथा-पटकथा-संवाद सगळं आमचं, आणि मोबदला आम्ही सांगू तो. 'जंजीर'च्या पोस्टरवर आपलं नाव नाही हे पाहून त्यांनी स्वतःच्या खर्चाने माणूस पाठवला आणि मुंबईतल्या भिंतींवरच्या पोस्टरांवर रंगाने नावं उमटवून घेतली. ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगतात आणि लोक हसतात. मी ती हसण्यासाठी सांगत नाही. १९७३ साली एका लेखकाला आपलं नाव दिसावं म्हणून शिडी आणि रंगाचा डबा लागला, एवढंच त्यातून घ्यायचं.

त्याच काळात दुसऱ्या टोकाला विजय तेंडुलकर होते. 'सामना', 'निशांत', 'मंथन', 'सिंहासन', 'आक्रोश', 'उंबरठा', 'अर्धसत्य'. तेंडुलकर पटकथा लिहीत आणि हिंदी संवाद बहुतेक वेळा दुसरं कुणी लिही: 'निशांत'ला सत्यदेव दुबे, 'मंथन'ला कैफी आझमी, 'अर्धसत्य'ला वसंत देव. वसंत देव मराठीभाषक, हिंदीचे प्राध्यापक. पुन्हा तोच दोन भाषांच्या उंबरठ्यावरचा माणूस. 'आक्रोश'चा नायक जवळपास पूर्ण चित्रपटभर बोलतच नाही. संवाद हेच लेखन असं समजणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा चित्रपट दाखवते. न बोलणंही कुणीतरी लिहिलेलं असतं.

टेलिव्हिजनने लेखकाचं आयुष्य खऱ्या अर्थाने बदललं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि 'चिमणराव'सारख्या मालिकेने चिं. वि. जोश्यांना घराघरांत नेलं. १९८४ च्या जुलैत मनोहर श्याम जोशी यांची 'हम लोग' सुरू झाली. कल्पना मेक्सिकोतल्या समाजशिक्षणाच्या मालिकांवरून घेतलेली. तेव्हा बहुतेक मालिका तेरा किंवा सव्वीस भागांच्या, आठवड्यातून एकदा येणाऱ्या. लेखकाला विचार करायला सहा दिवस मिळत. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, पाठोपाठ ई टीव्ही, आणि गोष्ट दररोजची झाली. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून जास्त भाग चालली. तीन हजार! महाभारताची अठरा पर्वं आहेत.

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण डेली सोपला नाक मुरडणारे पुष्कळ आणि ते कसं लिहिलं जातं हे ठाऊक असणारे थोडे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून बाविसेक मिनिटं उरतात. महिन्याला पंचवीस-सव्वीस भाग. कथाविस्तार एकाकडे, पटकथा एकाकडे, संवाद एकाकडे. आधी महिन्याचा ट्रॅक ठरतो, त्याच्या वन-लाइन वाहिनीकडे जातात, तिकडून क्रिएटिव्हचा फोन येतो, मग सीन पाडायचे, मग संवाद. सेटवर युनिट थांबलेलं असतं. एपिसोडची बँक म्हणजे आधी तयार असलेले भाग. बँक असेल तर झोप मिळते. माझ्या पहिल्या मालिकेत बँक दीड दिवसाची होती. गुरुवारी टीआरपी येई आणि शुक्रवारी एखादं पात्र परगावी जाई, कारण ते लोकांना आवडलेलं नसे. एका नटीचं लग्न ठरलं म्हणून मी एका सुनेला तीन आठवडे कोमात ठेवलं आहे. याची लाज वाटत नाही. त्या तीन आठवड्यांत सासूला एकटीने बोलायची जागा मिळाली, आणि मी लिहिलेल्या चांगल्या सीनपैकी दोन त्यातले आहेत.

लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. एका वाहिनीसाठी दोनशेहून जास्त भाग लिहिले आणि मालिका एका सोमवारी बंद झाली. शेवटच्या चाळीस भागांचे पैसे आले नाहीत. माझ्याकडे करार होता, पण तो मी वाचलेला नव्हता. अवंतिका एक्स्प्रेसने इंदूरहून निघालेला माणूस सकाळी मुंबई सेंट्रलला उतरतो तेव्हा त्याच्या पिशवीत गोष्टी असतात, चिवडा असतो, एखादा पत्ता असतो. करार वाचायची सवय नसते. 'मानधन' या शब्दाने आमच्या पिढीचं फार नुकसान केलं. मान आधी आणि धन मागाहून, ते जमलं तर, असाच त्याचा अर्थ आम्ही लावून घेतला.

आता माडीवरची एक गोष्ट. एका मुलीने सीन लिहून आणला. मुलाची नोकरी गेली आहे आणि तो घरी सांगतो. दिवाणखाना, वडील पेपर वाचत आहेत, मुलगा उभा. "बाबा, माझी नोकरी गेली." वडील चिडतात, आई पदराने डोळे पुसते, मुलगा आपली बाजू मांडतो. तीन पानं. खोटं एकही वाक्य नव्हतं, आणि तरी सगळे घड्याळाकडे पाहू लागले. मी तिला एवढंच विचारलं, "हे बाप-लेक रात्री जेवण झाल्यावर कुठे जातात?" ती म्हणाली, "सराफ्यात. दर शनिवारी."

पुढच्या रविवारी ती अर्धं पान घेऊन आली. रात्रीचे अकरा. सराफ्यातली दागिन्यांची दुकानं बंद, त्यांच्या ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागलेल्या. बाप-लेक नेहमीच्या भुट्टे का कीसवाल्यासमोर. दुकानदार न विचारताच दोन प्लेटी भरायला घेतो. मुलगा घाईने म्हणतो, "भैया, एक ही देना।" वडील त्याच्याकडे पाहतात. "पोट बरं नाही का?" "बरं आहे." प्लेट येते, दोन चमचे. वडील दोन घास खातात, प्लेट मुलाकडे सरकवतात आणि पैसे द्यायला वळतात. परत येऊन विचारतात, "केव्हापासून?" "एक तारखेपासून." गर्दीत दोघे चालू लागतात. सीन संपला.

एक जण म्हणाला, पण नोकरी गेली हे प्रेक्षकांना कसं कळणार? दुसऱ्याने त्याला गप्प केलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र वेगळीच गोष्ट होती, आणि ती त्या मुलीच्याही लक्षात आलेली नव्हती. मुलगा ही बातमी वडिलांना मराठीत सांगतच नाही. दुकानदाराला हिंदीत सांगतो, आणि वडील ती मराठीत ऐकतात. हे पुण्यात बसून सुचणं अवघड आहे. तिने ते विचार करून लिहिलं नव्हतं. ऐकून लिहिलं होतं. हेच दृश्य डेलीत आलं असतं तर मीच त्याचे तीन भाग केले असते, आणि मागच्या गाडीवर मावशीला उभी करून तिला सगळं ऐकायला लावलं असतं. दोन्ही कसब आहेत. कुठलं कशासाठी, हे कळायला हवं.

हे पुस्तक आत्ताच का, असं मला प्रकाशकांनीही विचारलं. कारणं बरीच आहेत. ओटीटीने आठ-दहा भागांची बांधीव गोष्ट परत आणली, आणि तिच्याबरोबर एका टेबलाभोवती चार-पाच लेखकांनी बसायची पद्धतही. 'पंचायत'चं शूटिंग सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात झालं, 'स्त्री'चं चंदेरीत. कॅमेरे आमच्या दारात आले आहेत. 'देऊळ'साठी गिरीश कुलकर्णींना संवादांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये व्हेनिसला सर्वोत्तम पटकथेचा पुरस्कार चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाला. पटकथा शिकवणारी ठिकाणंही आता आहेत. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये अंजुम राजाबली यांनी उभा केलेला अभ्यासक्रम त्यांत महत्त्वाचा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीचा हक्क असा पक्का केला की तो निर्मात्याला लिहूनही देता येत नाही. त्या दुरुस्तीसाठी राज्यसभेत जावेद अख्तर झगडले, ही गोष्ट मला फार आवडते. शिडी आणि रंगाच्या डब्यापासून संसदेपर्यंत यायला चाळीसेक वर्षं लागली. कायदा झाला म्हणून पैसे आपोआप येत नाहीत, तो भाग निराळा.

आणि यंत्रं. २०२३ मध्ये अमेरिकेतले पटकथालेखक १४८ दिवस संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत एक अशी होती की यंत्राने लिहिलेल्या मजकुराच्या नावाखाली आमचं काम आणि श्रेय कमी करू नका. आपल्याकडेही "पहिला ड्राफ्ट मशीनवर काढलाय, तुम्ही फक्त पॉलिश करा" असे फोन येऊ लागले आहेत. यंत्र बरे संवाद लिहितं. दिवाणखान्यातला तो पहिला सीन ते एका मिनिटात लिहून देईल, आईच्या पदरासकट. "एक ही देना" त्याला सुचेल का, मला ठाऊक नाही. मी पैज लावणार नाही. पण दिवाणखान्यातलाच सीन लिहिणाऱ्या लेखकाने आता काळजी करायला हवी, हे मी नक्की सांगते.

पुस्तकाबद्दल दोन शब्द. हे पाठ्यपुस्तक नाही. संपादकांनी माडीवरच्या चर्चा, मुलांच्या सीनचे पहिले आणि शेवटचे खर्डे, निर्मात्याला गोष्ट ऐकवायला, म्हणजे नॅरेशनला, जाताना काय बोलावं आणि मुख्य म्हणजे कुठे थांबावं, मुंबईत पहिलं वर्ष काढायला काय खर्च येतो, असं सगळं एकत्र बांधलं आहे. इंदूरची मराठी त्यांनी सुधारलेली नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. एका बाबतीत मात्र आमचं पटलं नाही. तीन अंकांची रचना, नायकाचा प्रवास, कुठल्या पानावर काय घडावं, या इंग्रजी पुस्तकांतल्या चौकटींना त्यांनी बरीच पानं दिली आहेत. मला त्या चौकटी तापमापकासारख्या वाटतात. ताप किती आहे ते कळतं. का आला ते कळत नाही. आख्यान लावणारा कीर्तनकार पूर्वरंगाला किती वेळ द्यायचा हे कुठल्या पुस्तकात वाचत नसे. पण नवीन माणसाला धरायला कठडा लागतो, हे संपादकांचं म्हणणंही खोटं नाही. पानं राहिली.

यशस्वी होण्याची युक्ती यात सापडणार नाही. माडीवर आलेल्यांपैकी दोघं आज मुंबईत मालिका लिहितात, एक जाहिराती लिहिते, एकाने मोबाइलचं दुकान टाकलं आणि तो अजूनही रविवारी येतो. सीन त्याचेच सगळ्यांत चांगले असतात.

करारावरचं प्रकरण संपादकांनी शेवटून दुसरं ठेवलं आहे. मी ते पहिलं ठेवा म्हणत होते. घाईत असाल तर तेवढं आधी वाचा, आणि गोष्ट कुणालाही ऐकवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करा. बाकी रविवारी अकराला माडीचं दार उघडं असतं. येताना लिहिलेलं काहीतरी आणा.

इंदूर, गुढीपाडवा